नववीच्या पहिल्या चाचणीत नापास, आणि शाळा म्हणते १७ नंबर भरा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत पहिलीपासून आहे, सेमी इंग्रजी. आठवीपर्यंत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के मोफत जागेवर होता, यंदा नववीपासून आईवडील फी भरतात. पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ४ आणि विज्ञानात ६ गुण मिळाले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "असाच राहिला तर दहावीला १७ नंबरनं बसवावं लागेल, मनाची तयारी ठेवा." (१७ नंबर म्हणजे शाळेबाहेरून, खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा बोर्डाचा फॉर्म.) तेव्हापासून मुलगा घरी फारसा बोलत नाही. क्लास लावावा का, शाळा बदलावी का आणि शाळेकडे काही मागता येतं का, असं त्याच्या आईनं विचारलं आहे.

ताई, आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं नंतर. १७ नंबरच्या कुठल्याही कागदावर यंदा सही करू नका. कुणी "फक्त माहितीसाठी" म्हणून कागद पुढे केला तरी नको. नववीचं वर्ष अजून अर्धंही झालेलं नाही. वीस मार्कांच्या एका चाचणीवरून मुलाला शाळेबाहेर काढण्याची भाषा करायची नसते.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. आमची शाळाही विनाअनुदानितच होती. त्यामुळे तुमच्या वर्गशिक्षिका असं का बोलल्या ते मला आतून माहीत आहे, आणि तेच आधी सांगायला हवं. बाई वाईट आहेत म्हणून असं घडत नाही.

दहावीचा निकाल लावताना बोर्ड नियमित विद्यार्थी, पुनर्परीक्षार्थी आणि खासगी विद्यार्थी यांचे आकडे वेगवेगळे काढतं. १७ नंबरचा फॉर्म भरून बसणारा विद्यार्थी खासगी धरला जातो. तो नापास झाला तरी शाळेच्या टक्केवारीला धक्का लागत नाही. विनाअनुदानित शाळेला सरकारकडून पगाराचे पैसे येत नाहीत, शाळा फीवर चालते. फी प्रवेशावर अवलंबून, आणि प्रवेश जूनमध्ये गेटवर लागणाऱ्या "सलग अमुक वर्षे १०० टक्के निकाल" या फलकावर. या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे नववीतला कच्चा मुलगा. संस्थेच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारणा होते, मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये विचारतात, आणि तिथून ते पालकसभेत तुमच्या कानावर पडतं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण असतं, दहावीत बोर्डाची नजर असते. मधलं नववीचं वर्ष मोकळं राहतं, म्हणून चाळणी तिथे लागते.

१७ नंबरची सोय मुळात फार चांगली आहे. लग्नामुळे शाळा सुटलेल्या मुली, ऊसतोडीला किंवा कामाला गेलेली मुलं, वयाच्या तिशीत दहावी करणाऱ्या बायका यांच्यासाठी तो दरवाजा आहे, आणि प्रमाणपत्रही त्याच बोर्डाचं मिळतं. पण रोज शाळेत येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तो फॉर्म दिला की त्याचं वेळापत्रक जातं, वर्ग जातो, मित्र जातात, शिकवणारं माणूस जातं. अभ्यासात आधीच मागे असलेल्या मुलाकडून सगळा आधार काढून घ्यायचा आणि त्याच परीक्षेला एकटं बसवायचं, असा त्याचा अर्थ होतो.

मी मुख्याध्यापिका झाले त्या पहिल्या वर्षी आमच्या संस्थेनं नववीच्या नऊ मुलांची यादी पाठवली होती. पालकांना बोलावून फॉर्म भरून घ्यायचे होते. मी बोलावलं, समजावलं, सह्या घेतल्या. त्या नऊपैकी तिघांनी पुढे परीक्षा दिलीच नाही. त्यातला एक जण आठवड्यातून दोनदा बस स्टॉपवर भेटायचा, एका गॅरेजमध्ये लागला होता. तो मला अजून "नमस्कार बाई" म्हणायचा. ती यादी मी थांबवू शकले असते. पुढच्या वर्षीपासून मी थांबवली. त्यासाठी संस्थेशी भांडावं लागलं आणि एक वर्ष निकाल ९३ टक्क्यांवर आला तेव्हा ऐकूनही घ्यावं लागलं. तुमच्या प्रश्नाला मी इतकं लांब उत्तर लिहिते आहे त्याचं कारण हेच आहे.

आता तुमच्या मुलाकडे येऊ.

तुमचा मुलगा पहिलीपासून याच शाळेत आहे, ही तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तिथे जादा शिकवणं हे त्यातलं एक आहे. पहिली ते आठवीसाठी हे कायद्यात लिहिलेलं आहे आणि ते खासगी शाळेलाही लागू आहे. शिवाय महाराष्ट्रात २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवता येतं. म्हणजे या शाळेनंच काही महिन्यांपूर्वी त्याला आठवीत तपासलं आणि नववीला पात्र ठरवलं. एप्रिलमध्ये पात्र असलेला मुलगा ऑगस्टमध्ये हाताबाहेर गेला असं होत नाही. खड्डा जुना आहे, तो शाळेच्या डोळ्यांसमोर पडला आहे, आणि भरून काढण्यात शाळेचा वाटा असायलाच हवा. मुख्याध्यापकांशी बोलताना हे भांडणाच्या सुरात म्हणू नका, पण म्हणा: "सर, तो आठ वर्षं तुमच्याकडेच शिकलाय."

काही जण म्हणतील की ढकलपासमुळे हे झालं, आधीच एखाद्या वर्षी बसवला असता तर बरं. मला हे पटत नाही. त्याच वर्गात पुन्हा बसवलेल्या मुलाला त्याच बाई तोच धडा त्याच पद्धतीनं शिकवतात. काय येत नाही हे कुणी शोधलं नाही, तर वर्ष तेवढं वाया जातं.

म्हणून आधी शोधायचं. शाळेत याला नैदानिक चाचणी म्हणतात, पण ती तुम्ही घरीही करू शकता, अर्ध्या तासात. रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना, धाकट्या भावंडांना बाहेर पाठवून एका कोऱ्या कागदावर त्याला ही सहा उदाहरणं द्या. ३००२ मधून १४७८ वजा करणं. तीन चतुर्थांश अधिक दोन तृतीयांश. उणे ७ अधिक ३. शून्य पूर्णांक पाच गुणिले शून्य पूर्णांक दोन. २४० चे १५ टक्के. आणि शेवटी, २ गुणिले कंसात एक्स अधिक ३ बरोबर १४, तर एक्स किती. यातली कुठलीही गोष्ट नववीची नाही, सगळी आठवीच्या आतली आहेत. उत्तरं अनुक्रमे १५२४, सतरा बारांश, उणे ४, ०.१, ३६ आणि ४. त्याच्या शेजारी बसा, पण बोलू नका, चूक दाखवू नका. फक्त कुठे थांबतो ते पाहा.

चुका फार बोलक्या असतात. अपूर्णांकांच्या बेरजेत पाच सप्तमांश लिहिलं, तर तो वरचे वरचे आणि खालचे खालचे आकडे मिळवतोय. म्हणजे छेद म्हणजे काय हे त्याला चौथी-पाचवीपासून कळलेलं नाही. उणे ७ अधिक ३ ला उणे १० लिहिलं, तर त्यानं "वजा गुणिले अधिक म्हणजे वजा" हा गुणाकाराचा नियम बेरजेला लावला आहे. नियम पाठ आहे, तो कुठे लावायचा हे निसटलंय. वजाबाकीत २४७६ आलं, तर प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा करून तो हातचा टाळतोय. नववीच्या पुस्तकातल्या बहुपदी, गुणोत्तर-प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणं, सगळ्यांत या जुन्या गोष्टी पायरीपायरीला लागतात. फळ्यावर बहुपदींचा गुणाकार सुरू असताना याचं डोकं उणे चिन्हापाशी अडकलेलं असतं आणि तास पुढे निघून जातो. रोज पस्तीस मिनिटं, सहा दिवस. न समजणाऱ्या भाषेतलं प्रवचन ऐकत बसल्यासारखं होतं ते. मग मूल खिडकीबाहेर बघतं, आणि प्रगतिपुस्तकात शेरा येतो, "लक्ष देत नाही."

माझ्या अनुभवात नववीत गणितात पार खाली असलेल्या दहा मुलांपैकी सात-आठ जणांच्या मुळाशी हे चार-पाच खड्डेच निघायचे. सबंध गणित कच्चं असलेलं मूल क्वचितच सापडायचं. हे सांगते कारण "याला गणित येतच नाही" या वाक्यावर काही उपाय करता येत नाही, आणि "याला छेद समान करता येत नाहीत" यावर आठ दिवसांत करता येतो.

सेमी इंग्रजीचा मुद्दा वेगळा तपासा, तो फार वेळा नजरेआड होतो. गणित आणि विज्ञान, नेमके हेच दोन विषय इंग्रजीत आहेत आणि नेमके त्यांतच गुण गेले आहेत. इतिहास-भूगोल, मराठीत किती आहेत? तिथे बरे असतील तर भाषेवर संशय घ्यायला जागा आहे. पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण घ्या, इंग्रजीतून सोडवू द्या. अडला की तेच मराठीत सांगा. मराठीत सांगितल्यावर जमलं, तर मुलाला गणित येतंय, "रिस्पेक्टिव्हली" आणि "ॲट लीस्ट" हे शब्द येत नाहीत. मी नववीच्या वर्गात दर धड्याच्या आधी अशा दहा-बारा शब्दांची यादी फळ्यावर मराठी अर्थासह लिहायचे, त्यानंच अर्धा प्रश्न सुटायचा. आकड्यांची नावंही गोंधळ घालतात. घरी "एकोणऐंशी" ऐकलेल्या मुलानं भरभर लिहिताना ६९ लिहिलेले मी कित्येकदा पाहिलेत, नववीतसुद्धा. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची जोड दिली तेव्हा खूप टीका झाली. मला मात्र तेव्हा हीच मुलं आठवली.

विज्ञानाचं वेगळं औषध सहसा लागत नाही. वाचन सुधारलं आणि प्रमाण, सूत्रं, एककं हाताला आली की ते मागोमाग वर येतं. आत्ता सगळी ताकद गणितावर लावा.

आता शाळेकडे काय मागायचं. फोनवर किंवा गेटवर बोलू नका. अर्ज द्या, चार ओळींचा, मुख्याध्यापकांच्या नावे, आणि पोच घ्या. त्यात लिहा की मुलाच्या गणिताच्या अडचणींबाबत भेट हवी आहे आणि भेटीत विषयशिक्षक असावेत. दोघांनीही जा. वडिलांची पाळी असेल तर एक दिवस रजा काढायला सांगा. हे फुकाचं नाही सांगत. टेबलापलीकडे दोघं बसले की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूनं वर्षानुवर्षं पाहिलंय. सोबत तो रविवारचा कागद घेऊन जा. गणिताच्या शिक्षकांनी तो पाहिला की बोलणं "लक्ष देत नाही"वरून "अपूर्णांक" आणि "चिन्हं" यावर येतं. चांगला शिक्षक कागद हातात घेतल्याशिवाय राहत नाही.

मागणी एकच ठेवा, पण नेमकी. उपचारात्मक तास, म्हणजे कच्चं राहिलेलं पुन्हा शिकवायचे जादा तास. आठवड्यातून तीन दिवस, शाळेआधी किंवा नंतर चाळीस मिनिटं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. एकट्या तुमच्या मुलासाठी शिक्षक देणं शाळेला जमणार नाही, आणि द्यावाही लागत नाही. तुमच्या मुलासारखी आठ-दहा मुलं दोन तुकड्यांत मिळून नक्की असतील. आमच्याकडे हा गट आठपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही असा नियम होता, कारण नववं मूल आलं की मागच्या बाकावरचं पुन्हा दिसेनासं होतं. पहिला आठवडा पूर्णांकांच्या चिन्हांचा, पुढचे दोन अपूर्णांकांचे, एक दशांश आणि टक्केवारीचा, मग दोन आठवडे समीकरणं. पाढे रोज पाच मिनिटं, पण उभं करून नाही. नववीच्या मुलाला सगळ्यांसमोर तेराचा पाढा म्हणायला लावला तर तो पुन्हा त्या तासाला येणार नाही. आणि हा तास खेळाच्या तासाच्या जागी ठेवला तर नकार द्या. दिवसभरात ज्या एका ठिकाणी तो इतरांच्या बरोबरीनं असतो ते ठिकाण काढून घेऊ नये.

शाळा म्हणेल, शिक्षकांना वेळ नाही. ते खरंही असतं. विनाअनुदानित शाळेतले बरेच शिक्षक तुटपुंज्या मानधनावर काम करतात, वर्गात साठ मुलं असतात, वर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. आरटीईच्या प्रतिपूर्तीची रक्कम सरकारकडे वर्षानुवर्षं थकते, हीही त्यांची खरी तक्रार आहे. मी हे नाकारत नाही. पण जी शाळा दहावीच्या मुलांना मे महिन्यात जादा तास घेते, तिला नववीच्या आठ मुलांसाठी आठवड्याचे दोन तास काढता येतात. प्रश्न कुणाला आधी वाढायचं याचा आहे. आणि एक लक्षात ठेवा: कुणी शिक्षक "माझ्याकडे घरी शिकवणीला पाठवा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं.

त्याच भेटीत एक प्रश्न सहज विचारा: "सर, मागच्या वर्षी नववीत पट किती होता, आणि त्यातले यंदा दहावीला नियमित किती आहेत?" हा आकडा गोपनीय नसतो, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात शाळेचा वर्गवार पट नोंदलेला असतो. पालकांनी शाळा निवडताना विचारायचा खरा आकडा माझ्या मते हाच आहे, आणि मी इतक्या वर्षांत तो विचारणारे पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. नववीत १२० आणि दहावीत ९८ असतील, तर शंभर टक्के निकालाच्या फलकाला बावीस मुलांचं उत्तर द्यावं लागेल. सगळेच काही काढलेले नसतात, बदल्या होतात, लोक गावी जातात, पण इतके नाही. पालक हा प्रश्न विचारतात हे कळलं की शाळा सावध होते. पालक-शिक्षक संघाच्या सभेतही तो विचारता येतो.

क्लासबद्दल. आत्ता मोठ्या क्लासला घालू नका. तिथे नववीच्या दिवाळीनंतर दहावीचा पोर्शन सुरू होतो, वेग शाळेपेक्षा जास्त असतो आणि साठ मुलांत तुमचा मुलगा दुसऱ्यांदा हरवेल. दिवसातून दोनदा न कळण्यापेक्षा एकदा न कळलेलं परवडतं. परवडत असेल तर वस्तीतली एखादी बीएस्सी करणारी ताई किंवा दादा शोधा, जे पाचवीचं पुस्तक उघडायला लाजणार नाहीत. बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातले फक्त अपूर्णांक, पूर्णांक, दशांश आणि समीकरणांचे धडे, एवढाच अभ्यासक्रम. पुस्तकाला कव्हर घाला, म्हणजे वरचा "पाचवी" हा शब्द मित्रांना दिसणार नाही. छोटी गोष्ट आहे, पण चौदाव्या वर्षी ती छोटी नसते.

एक शक्यता तपासायलाच हवी, तिला घाबरू नका. मुलगा तोंडी छान उत्तरं देतो पण लिहिताना कोसळतो, वाचताना ओळ सुटते, फळ्यावरचं उतरवताना आकडे उलटसुलट होतात, आणि हे लहानपणापासून आहे, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. त्याआधी डोळे तपासा. माझ्या वर्गात सबंध वर्ष ८ चा ३ वाचणारी एक मुलगी होती, शेवटी तिला चष्मा लागला आणि द्वितीय सत्रात ती पास झाली. आम्ही सात शिक्षकांनी तिला "हळू" ठरवलं होतं. चाचणीसाठी पुण्यात ससून, मुंबईत सायन, केईएम आणि नायर अशा सार्वजनिक रुग्णालयांत सोय आहे. नजर, ऐकणं, बुद्ध्यंक आणि शैक्षणिक चाचण्या अशा टप्प्यांत ती होते, तीन-चार फेऱ्या होतात, म्हणून आत्ताच नंबर लावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक, गणितासाठी कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करणाऱ्या पालकांची दरवर्षी रांग लागायची, आणि त्यातली निम्मी मुलं नववीतच ओळखता आली असती. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलतही आहे. पण ती घेण्याआधी दहा वेळा विचार करा, पुढच्या कित्येक वाटा तिथे बंद होतात. खरी गरज असलेल्या मुलासाठी ती जीवनदान आहे, नुसत्या जुन्या खड्ड्यांसाठी नाही.

आणि आता तो बोलत नाही, त्याबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटली. "१७ नंबर" हे वाक्य त्याच्यासमोर बोललं गेलं होतं का? असेल तर त्यानं ऐकलं ते "आम्हाला तू नको आहेस" असं. वर तो २५ टक्क्यांतला. अशा मुलांना कुणी तोंडावर काही म्हणो न म्हणो, सहलीचे पैसे, प्रोजेक्टचं सामान, वाढदिवसाची चॉकलेटं यांतून त्यांना आपली जागा दुसरी-तिसरीतच कळलेली असते. आता यंदापासून तुम्ही फी भरताय, म्हणजे त्याच्या मनात हिशेब चालू असणार: माझ्यासाठी इतके पैसे आणि माझे मार्क चार. हा हिशेब तोडायचा. फीचा विषय त्याच्यासमोर काढू नका, शेजारच्या मुलाचे मार्क तर अजिबातच नकोत. वडिलांनी रात्री गाडीवर एक फेरी मारून आणावी. समोरासमोर न बसता मुलगे जास्त बोलतात, हे मी पाहिलंय. "काय झालं?" असं विचारू नका, "नववीचं गणित मलाही जड गेलं होतं" एवढं म्हणून गप्प बसावं. शाळेत कुणी चिडवतं का, मारतं का, वाटेत काही घडतं का, हेही हळूहळू कळून घ्या. अचानक गप्प होण्याचं कारण नेहमी मार्क नसतं. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांची भेट मागा. २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्याकडे मुलग्यांच्या पालकांनीही जायचं असतं. जेवण-झोप सुटली किंवा "मी नसलो तर बरं" असं काही तो बोलला, तर मार्क, शाळा सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी १४४१६ या टेलीमानसच्या मोफत क्रमांकावर बोला. मुलांसाठीचा १०९८ सुद्धा चोवीस तास चालू असतो.

शाळा बदलायची का? आत्ता नको. वर्षाच्या मध्यात नवी शाळा, नवे सर आणि हेच खड्डे, असं होईल. दिवाळीपर्यंत या शाळेला संधी द्या. प्रथम सत्राचे गुण २० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर येतील अशी अपेक्षा ठेवू नका. वजाबाकी आणि अपूर्णांक बिनचूक झाले की गुण साधारण एका सत्राच्या अंतरानं दिसतात. तोपर्यंत शाळेनं एकही तास घेतला नाही आणि पुन्हा फॉर्मचीच भाषा आली, तर नववी इथेच पूर्ण करून जूनमध्ये जवळच्या अनुदानित शाळेत जा. तिथे फी नावापुरती असते आणि नववी उत्तीर्ण मुलाला सामावून घेणारे मुख्याध्यापक मी कितीतरी पाहिलेत. फक्त एप्रिलपासूनच बोलून ठेवा, दहावीचे प्रवेश उशिरा मिळत नाहीत. फीचा ताण फार होत असेल तर संस्थेकडे सवलतीचा लेखी अर्ज करा. बऱ्याच संस्थांकडे असा निधी असतो, पण तो मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची आशा मात्र ठेवू नका, ती खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना लागू नाही.

दहावीचं भय थोडं कमी व्हावं म्हणून एवढं सांगते. बोर्डात गणित १०० गुणांचं असतं, बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २०. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. भूमितीतल्या रचना, निर्देशक भूमिती, बीजगणितातलं अर्थनियोजन आणि सांख्यिकी, ही प्रकरणं मागे पडलेल्या मुलांनाही सरावानं हाती लागतात, कारण त्यांत पायऱ्या ठरलेल्या असतात. आणि एक-दोन विषय राहिलेच, तर एटीकेटीनं (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीनं) अकरावीला प्रवेश आहे, जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे. नियमित विद्यार्थी म्हणून बसून एका विषयात राहणं हे नववीत शाळेबाहेर पडण्यापेक्षा कितीतरी बरं.

या आठवड्यात दोनच कामं करा. घटक चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका शाळेकडून मागून घ्या. आणि रविवारी ती सहा उदाहरणं करून घ्या. कोणतं उदाहरण कुठल्या पायरीवर चुकलं ते मला लिहून कळवा, त्याचं नाव किंवा शाळेचं नाव नको. त्यावरून पहिल्या दोन आठवड्यांत रोज काय करायचं ते मी लिहून देईन.